झीलाटेक आठ महिने वापरल्यावर: ‘ॲ’ गेला, पडद्यावर एक शब्द नाही

झीलाटेक म्हणजे मजकुरात आज्ञा टाइप करून छपाईची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्यात मी जुळवलेल्या, वकिलांच्या संमेलनाच्या ३०० स्मरणिका छापून आल्या. यादीत प्रत्येक नावाआधी ‘ॲड.’ हवं होतं, तिथे रिकामा चौकोन आणि पुढे ‘ड.’! शेवटची १६ पानं पुन्हा छापली. कागद, छपाई, बाइंडिंग सगळं माझ्या खिशातून.

पहिले दोन महिने माझी तक्रार वेगळीच होती. तळटीपेचा मजकूर महिरपी कंसात लिहायचा असतो; शेवटचा कंस राहिला की झीलाटेक थेट फाइलच्या शेवटी जाऊन अडायचं. चूक ४०व्या ओळीत, आकडा ९००चा. फार चिडचिड व्हायची. ते मत आता राहिलं नाही. चुकीच्या संदेशात ‘रनअवे आर्ग्युमेंट’च्या खाली सुटलेल्या मजकुराचे पहिले शब्द छापलेले असतात, ते मी वाचतच नव्हते. ते शब्द फाइलमध्ये शोधले की कंस मिनिटभरात सापडतो. प्रश्नचिन्हावर थांबलं तर एच दाबा, थोडा खुलासा मिळतो.

‘ॲ’चं मात्र मी माफ करणार नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. नावांसाठी घेतलेला माझा ठळक फॉन्ट त्याआधीचा. आतल्या मजकुराच्या फॉन्टात ‘ॲ’ होता, म्हणून मुद्रितं तपासताना शंका आली नाही, आणि यादी हातात पडली शेवटच्या रात्री. ओळ ३.७ पॉइंट, म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर बाहेर गेली तरी ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ हा इशारा पडद्यावर येतो. माझ्या जुन्या आवृत्तीत अख्खं अक्षर गेलं तर ‘मिसिंग कॅरेक्टर’ची ओळ फक्त लॉग फाइलमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या वेगळ्या फाइलमध्ये यायची, आणि पीडीएफ तयार! मराठी छापणाऱ्याला यातलं महत्त्वाचं काय?

माझ्याकडे २०१९ची टेक लाइव्ह (झीलाटेक ज्यात येतं तो संच) होती. नवी फुकट मिळते, पण डाउनलोड काही जीबींचं, म्हणून डेटा वाचवत टाळत राहिले. २०२१च्या आवृत्तीपासून ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या सेटिंगची किंमत ३ ठेवली की हरवलेलं अक्षर सरळ चूक धरलं जातं. ही ओळ आता माझ्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर असते. माझ्या मते ती मुळातच तशी हवी.

नवा फॉन्ट घेतला की आधी ‘ॲड., दऱ्या, वाऱ्यावर’ छापून बघा. ‘ऱ्या’ची जोडणी फॉन्टात बिघडलेली असेल तर ३ ठेवूनही काही कळत नाही, कारण सुटं ‘ऱ’ तिथे असतंच. ते कागदावर डोळ्यांनीच तपासावं लागतं.