मुंबई ते टोकियो : हवाई अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचा अनुभव

लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे जळगावहून टोकियोला गेलो. यांना मधुमेह असल्याने जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा आधीच ठरवणे भाग होते, म्हणून दोन शहरांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या एका मोफत संकेतस्थळाचा मी आधार घेतला.

अंतराच्या बाबतीत ते चोख आहे. मुंबई ते टोकियो हे सुमारे ६,७५० किलोमीटरचे अंतर ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजते. त्यामुळे नकाशावर उत्तरेकडे झुकलेली दिसणारी कमानच प्रत्यक्षात सर्वांत जवळची वाट का असते, हे ती रेघ पाहताक्षणी कळले.

वेळेचे मात्र तसे नाही. हे संकेतस्थळ अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागते, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवते आणि जाण्या-येण्याला सारखेच आठ तास दाखवते. जाताना ते बरोबर ठरले. परंतु हिवाळ्यात जपानच्या आकाशात, साधारण दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकातच फुगे सोडून त्यांची नोंद केली होती. जाताना हा वारा विमानाच्या पाठीशी असतो आणि येताना समोरून येतो, याचा त्या हिशेबात कुठेच विचार नाही.

परतीच्या तिकिटावर निघण्याची वेळ सकाळी ११ आणि मुंबईला पोहोचण्याची संध्याकाळी ५ अशी होती, आणि यांनी तिकिटाच्या कडेला पेनाने ‘६ तास’ असे लिहूनही ठेवले होते. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, तेव्हा खरा प्रवास साडेनऊ तासांचा होता. हे मला विमानात बसल्यावर उमगले. मी खाणे आठ तासांच्या बेताने दिले होते. आठवा तास उलटला आणि यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. विमानातल्या मुलीने लगेच संत्र्याचा रस आणून दिला आणि लेकीच्या घरून बांधून आणलेल्या दशम्यांपैकी उरलेली एक मी यांना खाऊ घातली. तो अर्धा तास मी विसरणार नाही. पृथ्वीची गोलाई मोजणाऱ्यांनी घड्याळातला फरक एका ओळीत लिहायला काय हरकत होती, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक उणीव आहे. टोकियो तिथे एकाच ठिपक्याने दाखवले आहे, पण विमानतळ दोन आहेत. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर. बाळंतिणीच्या घरी रात्री पोहोचायचे असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

शिवाय आम्हा खानदेशवासीयांचा प्रवास मुंबईच्या धावपट्टीवर सुरू होत नाही. जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे ४२० किलोमीटर कापायलाच सात तास जातात, म्हणजे टोकियोला जाणाऱ्या विमानापेक्षा जेमतेम एक तास कमी.

अंतर पाहण्यासाठी हे संकेतस्थळ जरूर वापरावे. वेळेसाठी मात्र तिकिटावरच्या वेळा घ्याव्यात आणि जपानला जाताना त्यांच्या फरकातून साडेतीन तास वजा करावेत, येताना तेवढेच मिळवावेत. बारशाला पुन्हा जायचे आहे. या वेळी यांच्या औषधांचा तक्ता मी तसाच केला आहे.