डिचोलीत घरी बांधलेला गेमिंग पीसी: एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी कॉन्फिग सांगून टाकतो. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅम १६-१६ च्या दोन स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड दोन फॅनवालं, १ टीबी जेन ४ एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), पुढं जाळी असलेलं कॅबिनेट, मॉनिटर १०८०पी. खेळणार मी आणि रविवारी साखळीहून येणारा मामेभाऊ. जानेवारीत बांधला, आता पावस आणि चवथ दोन्ही उरकल्यावर लिहितोय, कारण जुलै बघितल्याशिवाय गोव्यात कुठल्या मशीनला चांगलं म्हणायचं नाही असं माझं मत आहे.

गेमिंगबद्दल थोडक्यात: व्हॅलोरंट तर पळतंच, मोठे गेम १०८०पी वर हाय सेटिंगला आरामात चालतात, कार्डावर ८ जीबीच व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असल्यामुळे काही नवीन गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणावे लागतात. १४४०पी चा मॉनिटर घेणार असाल तर हे कार्ड घेऊ नका, बस.

आता पार्ट जुळवण्याचं. सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळवणं पाचवीतलं पोरगंपण करेल, एएम५ सॉकेटचा प्रोसेसर एएम५ च्या बोर्डावर आणि रॅम डीडीआर५ च, दुसरा पर्यायच नाही. (इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही बोर्ड येतात, तिथं मात्र डोळे उघडे ठेवा.) पण रायझन ९००० घेणार असाल आणि दुकानात बी६५० बोर्डाचा जुना स्टॉक पडलेला असेल तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय डिस्प्लेच येत नाही, म्हणून मागं फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघा, त्यात प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. चार स्टिक भरल्या की डीडीआर५ चा स्पीड खाली येतो, तेव्हा पाहिजे तेवढी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्या. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून स्विच बंद करू नका, मामेभाऊ तर तेवढ्यात दुकानदाराला फोन लावून मोकळा झाला होता. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग) चालू केलं नाहीत तर ६००० ची रॅम कमी स्पीडलाच चालत राहते हेपण कुणी सांगत नाही.

पण माझ्या मते आपल्याकडं यादी एसएमपीएस आणि यूपीएसपासून सुरू करावी, प्रोसेसर-कार्ड नंतर. ४०६० ला ११५ वॉट, ७६०० जास्तीत जास्त ८८ च्या आसपास, बाकी सगळं धरून माझं मशीन ३०० च्या आत राहतं, मग ६५० कशाला म्हणून भाऊ हसला. उद्या मोठं कार्ड टाकलं तर एसएमपीएस बदलायला नको आणि अर्ध्या लोडवर फॅनचा आवाजपण नाही. यूपीएसचं गणित अजून वेगळं, ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेक मॉडेलवर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं असतं आणि त्यात मॉनिटरपण मोजायचा. मी १ केव्हीए घेतला. जूनपासून आमच्याकडं लाईट येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं, पण गेम चालू असताना एकदाही मशीन धाडकन बंद पडलं नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि ते काही स्वस्त यूपीएसशी जमत नाही, बॅटरीवर गेलं की मशीन रिस्टार्ट, त्यामुळं दुकानातच प्लग काढून दाखवा म्हणायचं.

अर्थिंग! आमचं घर जुनं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, मला वाटलं एसएमपीएस गेला. वायरमन आला, भिंतीतलं सॉकेट उघडून म्हणाला, "बाबा, हांगा अर्थिंगूच ना रे." नवीन अर्थिंग टाकल्यावर झिणझिण्या बंद. पार्टवर एवढे पैसे घालता तर हे आधी तपासून घ्या.

जाळीचं कॅबिनेट गरमीला एकदम बेस्ट, पण आमच्यासारख्या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी फिल्टर सहज निघतो का ते बघूनच घ्यावं. मार्च-एप्रिलमध्ये पुढचा फिल्टर विटेसारखा लाल होतो. मी तो नळाखाली धुतो, पूर्ण वाळवून परत लावतो. पावसात उलट, धूळ कमी आणि ओल जास्त, तेव्हा खेळायचं नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवतो.

रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर थोडा स्वस्त मिळत होता तरी ७६०० घेतला याचं समाधान मे महिन्यात झालं. ग्राफिक्स कार्डाचा एक फॅन करकरायला लागला, वॉरंटीत दिलं, ते गोव्याबाहेर गेलं आणि परत यायला काही आठवडे लागले. ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली आणि बहिणीची असाइनमेंट, बाबांची बिलं सगळं चालू राहिलं, गेमिंग तेवढं थांबलं. ७५००एफ असता तर स्क्रीनच नव्हती. जिथं सर्व्हिस सेंटर लांब तिथं हा फरक पैशांत मोजू नका.

बॉक्समधला कूलर चालतो पण आवाज करतो, मी १५५ मिलिमीटर उंचीचा टॉवर कूलर लावला, त्यासाठी कॅबिनेटची रुंदी आणि रॅमच्या हीटसिंकची उंची दोन्ही बघावी लागते.

पुढं एक्स३डी (गेमिंगसाठी जास्त कॅशवाला) प्रोसेसर याच बोर्डावर बसवणार, एएम५ ला निदान २०२७ पर्यंत सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. कार्ड मात्र एवढ्यात नाही, यूपीएसची बॅटरी आधी बदलावी लागेल असं वाटतंय.