वडिलोपार्जित बंदूक हयातीतच मुलीच्या नावावर केली, या दुकानामुळे जमलं

कोल्हापुरातल्या या बंदुकीच्या दुकानाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आता मुलीचं लायसन हातात आलं म्हणून निवांत लिहितोय. थोडं लांबेल पण ज्यांच्या घरी आजा-पणजाची बंदूक आहे त्यांनी वाचाच.

माझं वय ७२, गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आंब्याची बाग आहे. घरात आजोबांची बारा बोरची दोन नळ्यांची बंदूक, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीची, आणि मी १९९८ला घेतलेली कानपूर फॅक्टरीची .३२ रिव्हॉल्वर. वडिलांची .३१५ रायफल पण होती, पण २०१९ला कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं, त्यामुळे १३ डिसेंबर २०२०च्या आत एक सोडायला लागलं. ती रायफल याच दुकानातून रीतसर एका लायसनवाल्याला गेली, तेव्हापासून यांची ओळख.

आता बाग मुलगी बघते, ती ३६ वर्षांची आहे, तर दोन्ही हत्यारं तिच्या नावावर करायची म्हणून मी आपला मृत्युपत्रात लिहून मोकळा झालो होतो. दुकानाच्या मालकांना सहज बोललो तर त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलंच. म्हणाले, काका, हे दागिन्यासारखं नाही, मृत्युपत्राने बंदुकीची मालकी सांगता येते पण ती जवळ ठेवायचा हक्क फक्त लायसनने मिळतो. तुम्ही गेल्यावर ताईंकडे लायसन नसेल तर बंदूक कपाटात असणं हाच गुन्हा, ती विनाविलंब पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायला लागते.

हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण माझ्या चुलतभावाच्या घरी नेमकं हेच झालं. तो अचानक गेला, दिवसकार्यात कोणाला बंदुकीचं भानच नाही, चार महिन्यांनी वहिनींच्या लक्षात आलं आणि मग त्या बिचारीला जबाब देत फिरायला लागलं. नवऱ्याच्या दुःखात हे. कोणी आधी सांगितलं असतं तर?

मालकांनी मला २०१६च्या शस्त्र नियमांतला वारसांचा नियम दाखवला, पंचविसावा. लायसनदाराचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाला नॉमिनेट करू शकतो आणि वारसाला लायसन देता येतं. मी दोन्हीत बसत होतो आणि मला माहीतच नव्हतं! अर्थात नुसता वारस आहे म्हणून मिळतं असं नाही, वय २१ पूर्ण पाहिजे, पोलीस चौकशी, मेडिकल, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट सगळं नवीन माणसासारखंच लागतं. आणि वारसाने आलं तरी दोनची मर्यादा तीच, म्हणजे तिच्याकडे आधीच एक असतं तर ही दोन्ही तिच्या नावावर झाली नसती.

आता दुकानाचं खरं काम सांगतो. मालकांनी दोन्ही हत्यारं घेऊन या म्हणून सांगितलं (माझ्या लायसनवर एरिया अख्खा महाराष्ट्र आहे म्हणून नेता आलं, ज्यांचं फक्त जिल्ह्यापुरतं आहे त्यांनी आधी ते बघा, तसंच उचलून घाट चढू नका). त्यांच्याकडे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांनी भिंग लावून ग्रीनरचा नंबर वाचला आणि लायसनशी ताडला तर एक आकडा वेगळा! बंदुकीवर ३, लायसनवर ८. आजोबांच्या वेळेला कोणीतरी हाताने लिहिलेलं ते तीन पिढ्या तसंच उतरवत आले, पुढे ऑनलाइन नोंदीत पण तेच गेलं. मिस्त्री म्हणाले ट्रान्सफरच्या वेळी हे निघालं असतं तर अर्ज तिथंच अडकला असता, आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. दिला, दोन महिने गेले, पण झालं.

दुसरं म्हणजे त्यांनी नळ्या उघडून बघितल्या आणि मुलीला समोर बसवून सांगितलं की ताई ही बंदूक जपा पण यात आजची काडतुसं घालू नका. नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या आहेत, काळ्या दारूच्या जमान्यातल्या, आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) अडीच इंचाचं, आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस आत बसतं पण बार झाल्यावर तोंड उघडायला जागा नसते, प्रेशर वाढतं, नळी फुटू शकते. मी दरवर्षी रानडुकरं हाकलायला यातूनच एकदोन बार काढायचो. देवाची कृपा म्हणायची. काडतुसं विकून चार पैसे मिळवायचे सोडून हा माणूस घालू नका म्हणून सांगतो, मला तरी असा दुकानदार दुसरा माहीत नाही.

कागदपत्रांची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली. माझं नॉमिनेशनचं ॲफिडेव्हिट, मुलगा बहारीनला असतो त्याची हरकत नसल्याचं पत्र, बायकोचं पण, मुलीच्या पत्त्याचे पुरावे. बायको सही करताना म्हणाली, मुलीच्या हातात कशाला देताय हे, तर मुलगीच म्हणाली आई, बागेत राखण मीच करते ना. त्यावर कोणी काही बोललं नाही.

अर्जापासून लायसन यायला साडेसात महिने लागले, त्यात दुकानाचा काही दोष नाही, चौकशीचा कागद एका टेबलावर पडून होता. मालकांनी दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं, त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. एजंट घेऊ नका, स्वतः जा, असंही तेच म्हणाले. तोपर्यंत दोन्ही हत्यारं माझ्याच लायसनवर होती, तिचं आल्यावर तिच्यावर चढवली आणि माझ्यावरून कमी केली, ही कमी केल्याची नोंद करायची राहून गेली नाही ना ते नक्की बघा, नाहीतर एकच बंदूक दोघांच्या नावावर दिसते.

तक्रार एकच. सेफ कस्टडीचे, म्हणजे हत्यारं सांभाळायला ठेवण्याचे दर भिंतीवर लावा. मधे आम्ही दोन महिने बहारीनला गेलो तेव्हा दोन्ही हत्यारं यांच्याकडे ठेवली, पावती व्यवस्थित दिली, हत्यारं तेल लावून परत मिळाली, पण भाडं किती ते न्यायला गेल्यावर कळलं. रक्कम जास्त नव्हती तरी आधी सांगायला पाहिजे. आणि दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्याला त्रास होतो, फोन केला तर पोरगा खाली येऊन हाताला धरून वर नेतो.

जाताना सकाळी अकराच्या आत जा, मिस्त्री दुपारनंतर नसतात.