स्ट्राइपचं डेव्हलपर पोर्टल: डॉक्स एक नंबर, वेबहूक मात्र नीट वाचा
वेबसाइटला ऑनलाइन पेमेंट जोडायचं असेल तर स्ट्राइप या पेमेंट कंपनीचं हे पोर्टल खरंच सोपंय. अकाउंट उघडलं की टेस्टच्या कीज (आपला कोड स्ट्राइपला जोडणारे पासवर्डसारखे कोड) लगेच मिळतात, आणि ४२४२ चार वेळा टाकलं की टेस्ट कार्ड तयार, पेमेंट सक्सेस दिसतं पण खरे पैसे कुठेच हलत नाहीत. कार्ड नाकारलं गेलं तर काय होतं तेही वेगळे नंबर टाकून बघता येतं, बघाच ते, बरेच जण बघत नाहीत.

खरं काम वेबहूकचं, म्हणजे काही घडलं की स्ट्राइप स्वतःच आपल्या सर्व्हरला पाठवतं तो मेसेज. ग्राहकाने पैसे भरून ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरला कळतं, त्यामुळे ऑर्डर पक्की करायची ती यावरच, थँक्यू पेजच्या भरवशावर नाही. सिग्नेचर (मेसेज खरंच स्ट्राइपचाच आहे याची खूण) तपासायला रॉ बॉडीच लागते, म्हणजे मेसेज जसा आला तसाच, फ्रेमवर्कने आधीच त्यातला जेसन डेटा पार्स करून ठेवला की सिग्नेचर जुळत नाही आणि मग बसा डोकं धरून. एकच इव्हेंट (म्हणजे वेबहूकने आलेली घटना) दोनदा पण येऊ शकतो, तेवढं कोडमध्ये सांभाळा. स्ट्राइपचं कमांड लाइन टूल इव्हेंट थेट लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर आणून देतं, ते तर भारीच.

रक्कम सेंटमध्ये पाठवायची, १० डॉलरला १०००, पण येनला असलं काही नाही, १० म्हणजे १०च. आणि सिक्रेट की फ्रंटएंडमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये कुणालाही दिसणाऱ्या कोडमध्ये टाकू नका हो, प्लीज.