बंद बाजूची कॉड-एंड बकेट (५ लिटर): जेलीवर काम करताय तर घ्याच

प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे जीव) पकडायच्या नेटच्या खाली जी बकेट लागते ना, म्हणजे कॉड-एंड, तिला बाजूने जाळीच्या खिडक्या असतात, पाणी निघून जातं आणि प्राणी आत राहतात. कोपेपॉडना (बारीक कवचवाले प्राणी) चालतं ते. पण कॉम्ब जेली (जेलीसारखा मऊ, पारदर्शक प्राणी, अंगावर कंगव्यांसारख्या ओळी) आत आली की वर येईस्तोवर जाळीवर चिकटलेला नुसता लगदा, काय मोजणार त्यात.

म्हणून ही खिडक्या नसलेली बकेट मागवली आणि दोन उन्हाळे आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डनमध्ये वापरली (नी-ऑलेसुंड, आपलं हिमाद्री संशोधन स्टेशन २००८ पासून आहे तिथेच). नेट साधंच, डब्ल्यूपी२ प्रकारचं, तोंड ५७ सेंमी, विंचवाल्याला सांगून स्पीड सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली ठेवला. पहिल्याच खेपेला बकेटमध्ये अख्खी मर्टेन्सिया (एक कॉम्ब जेली), लालसर टेंटॅकल पसरलेले, कंगव्यांच्या ओळींवर सप्तरंग सरकतायत, हातातलं काम सोडून बघतच राहिले मी. नंतर बेरोई, दुसरी एक कॉम्ब जेली, ती पण आली. या दोघींना एका टबात ठेवू नका, बेरोई मर्टेन्सियाला गिळते, आमची एक मोजणी अशीच वाया गेली.

आणि ही हौस नाहीये हो. बोलिनॉप्सिस ही कॉम्ब जेली तर नमुने टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये टाकली की विरघळून जाते, मग बाटल्यांतल्या नमुन्यांवरून मोजलं की तिचा आकडा शून्य, आणि तो शून्य पुढे सगळ्यांच्या हिशोबात जातो. मर्टेन्सिया कॅलॅनस (एक कोपेपॉड) खाते, त्याच कॅलॅनसवर पोलर कॉड मासे आणि लिटल ऑक पक्षी जगतात, त्यामुळे जेली मोजलीच नाही तर कॅलॅनस गेला कुठे हे कळणार कसं? जिवंत असतानाच डेकवर मोजायला लागतं, आणि त्यासाठी ती धड वर यायला पाहिजे.

आता तक्रारी. भरली की जड होते आणि लाटेत जोरात झुलते, एकट्याने धरायला जाऊ नका. खालचा नळ अगदी बारीक दिलाय, त्यातून जेली काढली की फाटते, आम्ही नळ वापरणंच बंद केलं, बकेट सोडवून टबात हळूच पाण्याखाली आडवी करतो. क्लॅम्पचे स्क्रू इतके छोटे की ग्लोव्हज काढावेच लागतात आणि बोटं बधिर होतात, कंपनीला लिहिलं तर उत्तर नाही. रबर रिंग थंडीत कडक होऊन दुसऱ्या सीझनला गळायला लागली.

तरी मी परत हीच घेईन. गोव्याहून एनसीपीओआरतर्फे (आपली ध्रुवीय संशोधन संस्था) कुणी जाणार असाल तर रबर रिंगा चार-पाच जास्तीच्या न्या, तिथे असलं काही मिळत नाही.