मत गावाकडं की पुण्यात?

होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना निवडणूक आयोगाची दोन्ही मुभा आहे: नाव गावच्या यादीत ठेवा, नाहीतर पुण्यात नोंदवा. दोन्हीकडं मात्र चालत नाही.

गावचं नाव ठेवलं तर कागदपत्रांची कटकट नाही, उमेदवारही ओळखीचा. पण जाण्यायेण्याचं काय? 2024ची विधानसभा 20 नोव्हेंबरला, बुधवारी होती. दिवाळी करून नुकत्याच परतलेल्या लातूर-नांदेडच्या पोरांनी पुन्हा एसटी धरायची! शिवाय तिकडं मत घराचं असतं, आपलं कमी.

पुण्यात नाव हलवायला फॉर्म 8, पहिल्यांदा नोंदवायचं तर फॉर्म 6, सोबत कॉलेजचं बोनाफाईड. खोली बदलली की पुन्हा फॉर्म 8. पण पीएमपी बसची वाट, टँकरचं पाणी, वाढतं भाडं ही दुखणी इथलीच ना? आणि मेसच्या टेबलावर समोरचा विरुद्ध पक्षाचा असला तरी ‘तुझं पटत नाही, ती उसळ सरकव’ म्हणत वाद चालतो. घरी थोरल्या काकांशी असं बोलून बघा.

कोर्स तीन-चार वर्षांचा असेल तर मी पुणेच म्हणेन. वर्षभरासाठी आला असाल तर नाव हलवू नका. ते हललं की ग्रामपंचायतीचं मतही जातं, आणि तिथं चार-दोन मतांवर निकाल फिरतो.