बेघर निवारा केंद्र कोणी चालवावे: पालिका, स्वयंसेवी संस्था की शहर स्तर संघ?

निवारा केंद्राची इमारत तयार झाली किंवा आधीच्या संस्थेचा करार संपत आला की नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यासमोर अथवा महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या उपायुक्तासमोर ठरलेला प्रश्न येतो: केंद्र पालिकेने स्वतः चालवावे, स्वयंसेवी संस्थेकडे सोपवावे, की महिला बचत गटांच्या शहर स्तर संघाला द्यावे? ही निवड बहुधा दरांच्या तुलनात्मक तक्त्यावरून होते. येथे मात्र तिन्ही पर्याय देखरेखीच्या कसोटीवर तपासले आहेत. केंद्र चालवण्याचे काम दुसऱ्याला देता येते, पण तिथे झोपणाऱ्या माणसाची जबाबदारी पालिकेकडेच राहते. त्यामुळे ज्या व्यवस्थेवर आपल्या कार्यालयाला लक्ष ठेवता येणार नाही, ती कितीही स्वस्त पडत असली तरी स्वीकारण्यात अर्थ नाही.

ही जबाबदारी कशी आली, हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण कराराचा मसुदा त्यावरच उभा राहतो. २००१ मध्ये दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत, दिल्लीतील २०१० च्या हिवाळ्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला आणि मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा, असा दंडक घालून दिला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हाच दंडक योजनेत उतरवला: लाखामागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा आणि बारा महिने चोवीस तास उघडे दार. अंमलबजावणी रेंगाळते आहे असे दिसल्यावर, ई. आर. कुमार यांच्या याचिकेत नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर २०१८ मध्ये राज्यनिहाय समित्या स्थापन करायला सांगितले. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री झालेल्या मोजणीनुसार देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात २.१ लाख आणि एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर होती. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या १.२४ कोटी धरली तर दंडकाप्रमाणे सव्वाशेच्या आसपास केंद्रे हवीत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ चा गृहनिर्माण कायदा आणि २०१८ पासून लागू झालेला बेघरपणा कमी करण्याचा कायदा यांमुळे स्थानिक परिषदेवर वैधानिक कर्तव्य येते. अर्जदाराला लेखी निर्णय मिळतो, त्यावर फेरविचार मागता येतो आणि पुढे लोकपालाकडेही जाता येते. आपल्याकडे योजनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि न्यायालयाचे आदेश आहेत, पण रात्री दारातून परत पाठवलेल्या माणसाला दाद मागण्याची अशी सोपी वाट नाही. म्हणून केंद्र चालवणाऱ्याशी होणारा करार आणि त्यावर देखरेख करणारा अधिकारी, एवढीच काय ती त्या माणसाची ढाल उरते. त्यातच अभियानाचा कालावधी २०२४ मध्ये संपला असल्याने पुढच्या वर्षांच्या खर्चाची तरतूद पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात करून ठेवणेच शहाणपणाचे ठरेल.

पालिकेने स्वतः चालवणे

या पर्यायाचा मोठा फायदा असा की मध्ये कोणी नसते. आजारी माणसाला पालिकेच्या दवाखान्यात नेणे, नळजोडणी दुरुस्त करून घेणे, शौचालयाच्या तुंबलेल्या वाहिनीसाठी आरोग्य खात्याला बोलावणे ही कामे एकाच यंत्रणेत असल्याने, निदान तत्त्वतः तरी, लवकर होतात. हिशेब पालिकेच्याच लेखापरीक्षणाखाली येतो. पण मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांत मिळून किमान तीन काळजीवाहक लागतात, आणि पालिकेकडे ही पदे मंजूर नसतात. मग कर्मचारी बाह्यस्रोताने घेतले जातात किंवा दुसऱ्या खात्यातून उसने आणले जातात. उसना आणलेला माणूस निवडणुकीच्या कामाला, मतदारयाद्यांना, पावसाळ्यात आपत्कालीन कक्षात जातो, आणि रात्रपाळी नेमकी तेव्हाच रिकामी पडते.

याहून अवघड अडचण विश्वासाची आहे. पदपथावर झोपणाऱ्याला पालिकेची ओळख होते ती अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीतून. ज्या यंत्रणेने दुपारी त्याची पथारी आणि भांडी उचलून नेली, तिच्याच ओळखपत्राचा माणूस रात्री ‘चला, निवाऱ्यात’ म्हणाला तर तो का जाईल? महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, आणि ‘गाडीत बसवून चेंबूरला नेतील’, म्हणजे तिथल्या भिक्षेकरी गृहात डांबतील, ही मुंबईतल्या रस्त्यावरच्या माणसाची भीती निराधार नाही. देखरेखीच्या दृष्टीनेही येथे एक विसंगती आहे: केंद्र चालवणारा आणि तपासणारा एकाच कार्यालयातले असले की तपासणी अहवालात त्रुटी लिहिणे म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याविरुद्ध लिहिणे होते. असे अहवाल सहसा निर्दोष असतात.

स्वयंसेवी संस्थेकडे सोपवणे

मोठ्या शहरांत सध्या मुख्यतः हीच पद्धत आढळते. दिल्लीने २०१० च्या कायद्याने नागरी निवारा सुधारणा मंडळ असे स्वतंत्र वैधानिक मंडळ स्थापन केले, तरी त्याची रोजची केंद्रे संस्थाच चालवतात. म्हणजे वेगळे मंडळ असले तरी ही निवड टळत नाही. चांगल्या संस्थेकडे रस्त्यावर फिरणारे कार्यकर्ते असतात. कोणता उड्डाणपूल, कोणत्या स्थानकाबाहेरची कोणती रांग, कोण आजारी, कोण कुणाला घाबरून आहे, हे त्यांना ठाऊक असते. निवाऱ्यात आलेल्या माणसाचे आधार कार्ड काढणे, त्यासाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र वापरणे, मग शिधापत्रिका आणि बँक खाते, अशी कागदांची मालिका चिकाटीने पूर्ण करणारे लोक पालिकेपेक्षा संस्थेत सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि माझ्या मते निवाऱ्याचे खरे काम खाटेपेक्षा याच मालिकेत आहे.

दोष कुठे शिरतो? तो देयकाच्या पद्धतीतून शिरतो, आणि त्याचा दोष निम्मा पालिकेचा असतो. माणशी दररोज ठरावीक रक्कम द्यायचे ठरवले तर हजेरीपट फुगतो: महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या. वर्षाला ठोक रक्कम द्यायची ठरवली तर उलटे होते. केंद्र रिकामे राहिले की जेवण, पाणी, साबण, धुलाई सगळेच वाचते, मग दारू प्यालेला, जखमेला वास येणारा, मानसिक आजार असलेला, म्हणजे ज्याला निवाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे असा माणूस दारातूनच परत जातो. देयक तीन-चार महिने अडकले तर पहिली कात्री काळजीवाहकांच्या पगाराला लागते आणि दुसरी चादरींच्या धुलाईला. त्यामुळे पगार, वीज, धुलाई यांसारखा स्थिर खर्च दरमहा ठरल्या तारखेला विनाअट द्यावा आणि उरलेला भाग पडताळता येतील अशा कामांना, जसे किती जणांची ओळखपत्रे निघाली, किती जणांची क्षयरोग तपासणी झाली, किती जण रुग्णालयात दाखल झाले यांना, जोडावा. घरी परत पाठवलेल्यांची संख्या मात्र देयकाला जोडू नये. घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईला पैशासाठी त्याच दारात नेऊन सोडण्याचा मोह कोणत्याही संस्थेपुढे ठेवणे योग्य नाही.

शहर स्तर संघाला देणे

बचत गटांच्या संघाला केंद्र देता येते, याची माहिती अनेक नगरपरिषदांना नसते किंवा ती गांभीर्याने घेतली जात नाही. योजनेच्या तत्त्वांत गट आणि त्यांचे संघ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लहान शहरात, जिथे दर्जेदार संस्था अर्जच करत नाही, तिथे हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. स्वयंपाक, स्वच्छता आणि महिलांच्या निवाऱ्यातली जवळीक यांत संघ सरस ठरू शकतो. मात्र पुरुषांच्या केंद्रात रात्रीची भांडणे हाताळणे, मानसिक आजाराची लक्षणे ओळखणे आणि स्थानिक नगरसेवकाचा ‘यालाही ठेवून घ्या’ हा आग्रह मोडून काढणे यांसाठी संघाला पालिकेचा भक्कम आधार लागतो. पहिले वर्षभर तरी येथे देखरेखीपेक्षा प्रशिक्षणावरच जास्त वेळ जाईल.

देखरेख प्रत्यक्षात कशी करायची

पर्याय कोणताही घेतला तरी सकाळी अकरा वाजता, आधी कळवून केलेल्या भेटीचा उपयोग फारसा नाही. तेव्हा फरशी पुसलेली असते आणि माणसे मजुरीला गेलेली असतात. भेट रात्री अकरानंतर, न कळवता व्हावी. पटावरची नावे आणि झोपलेली माणसे मोजावीत, महिलांच्या शौचालयाची कडी आतून लागते का पाहावे, आणि गेल्या आठवड्यात कोणाला प्रवेश नाकारला याची वेगळी वही मागावी. ही वहीच ठेवलेली नसेल, तर केंद्रात काय चालते याचा अर्धा भाग आपल्याला कधीच कळणार नाही.

बोटांच्या ठशांची हजेरी आणि कॅमेरे यांच्यावर अलीकडे फार भिस्त ठेवली जाते. विटा-सिमेंट वाहून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला अनेकदा जुळत नाहीत, आणि कॅमेरा दारापर्यंतच असू शकतो, निजायच्या खोलीत नाही. ही साधने पूरक म्हणून ठीक आहेत. निवारा व्यवस्थापन समितीत मुक्कामाला असलेल्यांपैकी दोघे-तिघे असणे आणि समितीची बैठक केंद्रातच, संध्याकाळी होणे यातून जास्त कळते.

मनोरुग्णांच्या बाबतीत अधिकाऱ्याने कायद्याची माहिती बाळगावीच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० नुसार, निराधार फिरणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोधही त्यांनीच घ्यायचा आहे. केंद्राने हे काम स्वतःच्या अंगावर घेऊ नये आणि ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून माणसाला रस्त्यावरही सोडू नये. पोलीस ठाण्याला लेखी कळवल्याची प्रत तपासणीत पाहावी.

कोणी काय निवडावे

मोठ्या महापालिकेने, जिथे अनुभवी संस्था उपलब्ध आहेत आणि प्रभागनिहाय सहायक आयुक्त आहेत, संस्थेचा पर्याय घ्यावा. पण एकाच संस्थेला सर्व केंद्रे देऊ नयेत, कारण मग करार रद्द करण्याची धमकी पोकळ ठरते. एक केंद्र स्वतः चालवावे, म्हणजे खर्च खरोखर किती येतो हे संस्थांच्या दरपत्रकाशिवाय कळेल. एखादेच केंद्र असलेल्या नगरपरिषदेने आधी संघाला विचारावे आणि संघ तयार नसेल तरच स्वतः चालवावे. दूरच्या जिल्ह्यातील, शहरात एकही कार्यकर्ता नसलेल्या संस्थेला केवळ दर कमी म्हणून काम देणे हा सर्वांत वाईट निर्णय होय. पदपथावर कुटुंबासह राहणाऱ्यांची संख्या जास्त असेल तर पुरुषांचे मोठे दालन बांधून उपयोग होणार नाही; नवरा एका केंद्रात, बायको-मुले दुसऱ्यात, अशी विभागणी कोणी स्वीकारत नाही, आणि खाटा रिकाम्या राहिल्याचा ठपका मग बेघरांवरच येतो.

ज्या कार्यालयात या कामासाठी पूर्णवेळ एकही माणूस देता येणार नाही, त्याने तिन्हींपैकी कोणताही करार करण्याआधी ते पद भरावे. करारात शेवटी एक कलम आवर्जून घालावे: संस्था बदलली तर राहणाऱ्यांच्या नोंदी, त्यांची मूळ कागदपत्रे, चालू औषधोपचाराचे कागद आणि कुलूपपेट्यांच्या किल्ल्या सात दिवसांत, राहणाऱ्यांच्या समक्ष, पालिकेच्या अधिकाऱ्याकडे सुपूर्द कराव्या लागतील, आणि तोवर शेवटचे देयक अदा होणार नाही.